पंचवटी एक्स्प्रेस, द्राक्षबाग आणि बिबट्या: घरच्या घरी थीम केक आणि वाढदिवस

सासऱ्यांची पंचाहत्तरी जवळ आली तसे घरातले सगळे फोनवर केकचे फोटो बघू लागले. मिशी-चष्म्याचा केक, वर्तमानपत्राचा केक, आरामखुर्चीतल्या आजोबांचा केक. छानच होते सगळे, पण ते आजोबा कुणाचेही असू शकले असते. मग जाऊबाई म्हणाल्या, "बाबांची सगळी नोकरी पंचवटी एक्स्प्रेसमध्ये गेली की!" १९७५ साली सुरू झालेली ही गाडी. सकाळी नाशिकरोडहून मुंबई, रात्री परत. पासधारकांचा ठरलेला डबा, ठरलेली जागा, ठरलेली माणसं. आम्ही तीन डब्यांचा केक केला. बाबांनी तो बघितला, डब्यांवरून बोट फिरवलं आणि पहिला प्रश्न विचारला, "यातला पासवाल्यांचा डबा कुठला?"

त्या दिवसापासून माझी थीम ठरवायची पद्धत पक्की झाली. घरच्यांसाठी आणि मित्रमंडळींसाठी पहिल्यांदाच असा केक करणार असाल तर सुरुवात इथूनच करा. फोटो शोधायच्या आधी एक कागद घ्या आणि ज्याचा वाढदिवस आहे त्याच्याबद्दल दहा गोष्टी लिहा. तो रोज कशाबद्दल बोलतो, झोपताना काय जवळ घेतो, सुट्टीत कुठे जायचा हट्ट धरतो. ओझरला विमानं बघून आलेला मुलगा, नांदूर मध्यमेश्वरला पक्षी बघायला जाणारी आत्या, द्राक्षाच्या छाटणीशिवाय दुसरा विषय नसलेला निफाडचा मामा. त्या दहांतली एकच गोष्ट निवडा. एकाच केकवर विमान, डायनोसॉर आणि क्रिकेटचं मैदान बसवायला गेलात तर वेळ तिप्पट लागतो आणि नजर कुठेच ठरत नाही.

कागदावर आधी

थीम ठरली की केक खऱ्या मापात कागदावर काढा. वरून कसा दिसेल आणि बाजूने कसा दिसेल, अशी दोन चित्रं. चित्रकला यायची गरज नाही, चौकोन आणि गोल पुरे. प्रत्येक भागाशेजारी तो कशाचा होणार ते लिहा: स्पंज, क्रीम, बिस्किट, फॉन्डंट (साखरेचा मळून लाटता येणारा गोळा), कागद. हा शेवटचा शब्द विसरू नका. वर लावायचं चित्र जाड कागदाचं असलं तरी चालतं, आणि नवख्या हातांसाठी तेच उत्तम. सगळंच खाण्याचं असायला हवं, हा आग्रह पहिल्या दोन-तीन केकना ठेवू नका.

मापाचा अंदाज असा: सहा इंची गोल टिनमध्ये साधारण अर्धा किलोचा केक होतो, आठ इंचीत एक किलोचा. एक किलो दहा-बारा जणांना पुरतो. सहा इंचाची कृती आठ इंचाच्या टिनला वापरायची असेल तर साहित्य पावणेदोनपट घ्या. टिनचा घेर थोडाच वाढलेला दिसतो, पण आतली जागा बरीच वाढते.

वेगळ्या आकाराचे टिन विकत घेऊ नका. आकडे, घर, फुलपाखरू, गाडी हे सगळं चौकोनी आणि गोल केक कापून जोडता येतं. आमचे तीन डबे म्हणजे साध्या लोफ टिनमधले (पावाच्या लांबट टिनमधले) तीन केक. खिडक्या फॉन्डंटच्या पट्ट्या, चाकं क्रीमची काळी बिस्किटं, रुळांखालचे स्लीपर चॉकलेट वेफरच्या कांड्या. डब्यांचा रंग बाबांच्या जुन्या फोटोवरून घेतला.

स्पंज

आपल्याकडे दहा पाहुण्यांत अंडं न खाणारे दोन-तीन असतातच, आणि श्रावणात तर त्याहून जास्त. म्हणून मी कंडेन्स्ड मिल्कचा बिनअंड्याचा स्पंज शिकवते. तो पक्का असतो, कापताना चुरा कमी पडतो आणि थरांचं वजन पेलतो.

४०० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्कचा एक डबा, १२५ ग्रॅम मऊ लोणी, २५० ग्रॅम मैदा, दीड छोटा चमचा बेकिंग पावडर, पाऊण छोटा चमचा खायचा सोडा, एक चमचा व्हॅनिला इसेन्स आणि २०० ते २५० मिली दूध. मैदा, पावडर आणि सोडा तीनदा एकत्र चाळा. लोणी आणि कंडेन्स्ड मिल्क हलकं होईपर्यंत फेटा. मग थोडा मैदा, थोडं दूध असं आलटून पालटून घाला. मैदा पडला की फेटणं थांबवा आणि नुसतं हलक्या हाताने कालवा. जास्त घोटलं की केक चिवट होतो. मिश्रण चमच्यातून सलग पण संथ पडायला हवं. चॉकलेटचा हवा असेल तर ४० ग्रॅम मैदा कमी करून तेवढीच कोको पावडर घाला. एवढ्या मिश्रणात एक आठ इंची गोल किंवा दोन लोफ टिन होतात. तीन डब्यांसाठी मी दीडपट घेतलं होतं.

ओव्हन १८० अंशांवर दहा मिनिटं आधी तापवा आणि गोल केक ४० ते ४५ मिनिटं भाजा. ओव्हन नसेल तर जुनी जाड कढई किंवा कुकर चालतो. कुकरची शिट्टी आणि रबर काढा, तळाशी मिठाचा थर द्या, त्यावर स्टँड ठेवा, पाणी अजिबात नको. दहा मिनिटं तापवून टिन आत ठेवा आणि मंद ते मध्यम आचेवर ४५ ते ५० मिनिटं द्या. पहिला अर्धा तास झाकण उघडू नका. मधोमध खुपसलेली सुरी कोरडी निघाली की झाला.

स्पंज नेहमी आदल्या दिवशी भाजा. पूर्ण गार करा, प्लॅस्टिकच्या फिल्ममध्ये गुंडाळा आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. गार स्पंज सरळ कापला जातो. कोमट स्पंजवर क्रीम लावलं तर ते खाली घसरतं, मग हात कितीही चांगला असो.

क्रीम, गनाश आणि नाशिकची हवा

इथे जरा थांबते, कारण नवीन करणाऱ्यांचे बहुतेक केक इथेच बिघडतात.

पहिली चूक क्रीम विकत घेताना होते. किराणा दुकानात भाजीसाठी मिळणाऱ्या फ्रेश क्रीममध्ये २५ टक्के स्निग्धांश असतो. ते कितीही फेटलं तरी कडक उभं राहत नाही. फेटून उभं राहायला ३५ टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश लागतो. बेकरी सामानाच्या दुकानात गोठवलेलं व्हिपिंग क्रीम मागा. तिथे 'नॉन-डेअरी' लिहिलेलं जे मिळतं ते वनस्पती तेलापासून बनतं आणि आपल्या उष्णतेत जास्त टिकतं. चवीला दुधाचं क्रीम सरस, पण पहिल्या केकला नॉन-डेअरीच घ्या.

हे क्रीम फ्रीजरमधून काढून रात्रभर खालच्या कप्प्यात ठेवा. बाहेर ओट्यावर वितळवू नका. फेटताना त्यात बर्फाचे बारीक कण शिल्लक असले तर फार छान. भांडं आणि फेटायची पाती अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवा. मशीन आधी मंद, मग मध्यम वेगावर. पातं उचललं की टोक उभं राहिलं पाहिजे. तिथे थांबा. त्यापुढे फेटलं तर ते रवाळ दिसायला लागतं आणि केकवर गुळगुळीत बसत नाही. तसं झालंच तर दोन चमचे न फेटलेलं थंड क्रीम घालून हाताने हलकेच मिसळा, बऱ्याचदा सावरतं. एक किलोच्या केकला न फेटलेलं २५० ते ३०० ग्रॅम पुरतं. पूर्ण डबा वितळवून उरलेला पुन्हा गोठवण्यापेक्षा डबा अर्धवट वितळला की लागेल तेवढं कापून घ्या.

आता हवा. एप्रिल-मे महिन्यांत नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो. माझ्या मैत्रिणीच्या मुलीसाठी मी मे महिन्यात दुमजली व्हिप्ड क्रीमचा केक केला आणि दुपारी एक वाजता गंगापूर रोडवरून नाशिकरोडला निघाले. द्वारकेच्या चौकात पोहोचेपर्यंत वरचा मजला एका बाजूला सरकला होता. त्यानंतर उन्हाळ्यात मी तीन गोष्टी कटाक्षाने पाळते: केक एकमजली, वरचा लेप गनाशचा, आणि प्रवास सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर.

गनाश म्हणजे चॉकलेट आणि क्रीम, बाकी काही नाही. आणि इथे मात्र तेच २५ टक्क्यांचं फ्रेश क्रीम चालतं. आत भरायला किंवा वरून ओघळ सोडायला चॉकलेट आणि क्रीम समसमान. बाहेरून लिंपायला चॉकलेट दुप्पट, म्हणजे ४०० ग्रॅम डार्क कंपाउंड चॉकलेटला २०० ग्रॅम क्रीम. क्रीम कडेने बुडबुडे येईपर्यंत गरम करा, उकळू नका. बारीक चिरलेल्या चॉकलेटवर ओता, दोन मिनिटं तसंच राहू द्या, मग मधून बाहेर गोल ढवळा. लोण्यासारखं घट्ट झालं की लावायचं.

पावसाळ्यात अडचण फॉन्डंटची. ते साखरेचं असल्यामुळे हवेतली ओल ओढतं, चिकट होतं, चमकायला लागतं. फ्रिजमधून बाहेर काढलं की त्यावर पाण्याचे थेंब जमतात; ते पुसू नका, पंख्याखाली आपोआप सुकू द्या. जुलै-ऑगस्टमध्ये पूर्ण केक फॉन्डंटने झाकू नका, छोट्या वस्तूच करा. २५० ग्रॅम फॉन्डंटमध्ये एक छोटा चमचा सीएमसी (फॉन्डंट घट्ट करणारी खाण्याची पावडर) मळली की बाहुल्या, चाकं, आकडे कडक वाळतात. हिवाळ्यात दोन दिवस पुरतात, पावसात चार-पाच दिवस आधी करून ठेवा. आणि व्हिप्ड क्रीमवर फॉन्डंटची वस्तू अगदी शेवटी, केक समोर आणायच्या थोडं आधी ठेवा. क्रीमच्या ओलीने ती विरघळते.

डिसेंबर-जानेवारीची थंडी मात्र केक करणाऱ्याला वरदान आहे. फक्त लोणी रात्रीच बाहेर काढून ठेवा, सकाळी ते दगडासारखं असतं.

थर आणि लेप

स्पंजचा वरचा फुगवटा कापून सपाट करा. आठ इंची केकचे तीन थर होतात. प्रत्येक थरावर साखरेचं पाणी शिंपडा: अर्धी वाटी पाण्यात दोन चमचे साखर. बिनअंड्याचा स्पंज कोरडा लागतो, त्यामुळे हे टाळू नका. पण कडेला कमी आणि मध्ये जास्त, नाहीतर कडा ढासळतात. थर रचून झाला की बाहेरून क्रीमचा अगदी पातळ हात द्या. याला क्रम्ब कोट म्हणतात. चुरा त्यात अडकतो. अर्धा तास फ्रिज, मग दुसरा जाड हात. फिरतं स्टँड असेल तर पट्टी एका जागी धरून स्टँड फिरवायचं, हात नाही.

रंग जेलचे घ्या. पाण्यासारख्या पातळ रंगांनी क्रीम सैल पडतं. लाल आणि काळा खूप घातला की कडू लागतो, म्हणून काळा हवा असेल तर चॉकलेट क्रीमपासून सुरुवात करा. रंग दोन-तीन तासांत गडद होतो, तेव्हा हवा त्यापेक्षा फिका थांबवा. चमकी घेताना पाकिटावर 'खाण्यायोग्य' असं स्पष्ट लिहिलेलं बघा. 'विषारी नाही' एवढंच लिहिलेली चमकी सजावटीची असते, पोटात जाण्यासाठी नसते.

दोन सोप्या थीम

बिबट्या. नाशिकच्या पोरांना तो बातम्यांतून आणि मळ्यातल्या गोष्टींतून चांगला ठाऊक असतो. पिवळ्या क्रीममध्ये चिमूटभर कोको घालून मातकट पिवळा करा, गोल केकवर लावा, वर दोन छोटी बिस्किटं कान म्हणून खोचा. ठिपके काढताना भरीव गोल काढू नका, ते चित्त्याचे. बिबट्याच्या अंगावर तुटक वर्तुळं असतात: मध्ये जरा गडद पिवळा टिपका आणि त्याभोवती दोन-तीन काळपट तुकडे. सात वर्षांचं मूल ही चूक लगेच पकडतं.

द्राक्षबाग. जानेवारी ते मार्चमध्ये वाढदिवस असेल तर हीच करा. चौकोनी केक, वर हिरवं क्रीम, चॉकलेटच्या कांड्यांचा मांडव, त्याखाली घड. घड दोन प्रकारे होतो: जांभळ्या-हिरव्या फॉन्डंटच्या गोळ्या, किंवा खरी द्राक्षं. खरी घ्याल तर मिठाच्या पाण्यात ठेवून, नीट धुऊन, कापडावर पूर्ण कोरडी करा आणि शेवटच्या तासात लावा. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खं द्राक्ष देऊ नका, घशात अडकतं. त्यांच्या ताटलीत उभी चार फोडी करूनच. पार्टीत वर्षाच्या आतलं बाळ असेल तर त्याच्या घासात मधही नको.

केकवर खरी फुलं लावायची असतील तर कण्हेर कधीच नाही, ती विषारी आहे. फूलबाजारात गुलाब, शेवंती ताजी मिळतात, पण तीही फवारलेली असतात. देठाला फॉइल गुंडाळून लावा आणि कापायच्या आधी काढा.

वेळेची मांडणी

कार्यक्रम रविवारी संध्याकाळी आहे असं धरू. सोमवार ते गुरुवार: फॉन्डंटच्या वस्तू, कागदी सजावट, मेन रोड आणि रविवार कारंजाची खरेदी. शुक्रवारी रात्री स्पंज, आणि क्रीम फ्रीजरमधून खाली. शनिवारी दुपारी थर आणि क्रम्ब कोट, रात्री वरचा लेप. रविवारी सकाळी नक्षी. दुपारनंतर केकला हात लावायचा नाही. तो वेळ घराचा, पाहुण्यांचा आणि तुमच्या आंघोळीचा. नवीन माणसं रविवारी सकाळी स्पंज भाजायला घेतात आणि औक्षणाच्या वेळी त्यांच्या हाताला क्रीम असतं. तसं होऊ देऊ नका.

फ्रिजमध्ये केकची उंची बसते का, हे शुक्रवारीच डबा आत ठेवून बघा. शेजारच्या काकूंकडे एक कप्पा मागायचा तर तोही आधीच.

पार्टी

केकची थीम घरभर पसरवण्यासाठी खूप सामान लागत नाही. पंचाहत्तरीला आम्ही जुन्या पुठ्ठ्यांवर स्टेशनच्या पाट्या रंगवल्या: नाशिकरोड, देवळाली, लहवित, अस्वली, पाडळी, घोटी, इगतपुरी. पाट्या उलटसुलट करून नातवंडांना दिल्या आणि क्रमाने लावायला सांगितल्या. बाबा शेवटी स्वतः उठून अस्वली आणि पाडळीची अदलाबदल करून आले. प्रत्येक पाहुण्याला दारात तिकीट दिलं, धाकट्या दिरांनी टीसी होऊन ती पंच केली, आणि सरबत छोट्या कपांत 'चाय, चाय' ओरडत वाटलं. खर्च पुठ्ठा आणि रंगाचा.

लहान मुलांची पार्टी दोन तासांची ठेवा. पहिला पाऊण तास खेळ, मग औक्षण, मग केक, मग जेवण. औक्षण केकच्या आधी, हे मी आग्रहाने सांगते. पाट, भोवती रांगोळी, ताम्हणात निरांजन, सुपारी, सोन्याची अंगठी. घरातल्या मोठ्यांना दिवा फुंकून विझवणं रुचत नाही. निरांजन तेवत असताना केक कापला आणि मेणबत्तीऐवजी वर आकडा लावला तर कुणाचंच मन दुखावत नाही. मुलाला मेणबत्ती हवीच असेल तर ती वेगळ्या कपकेकवर लावा. थुंकी केकवर उडत नाही, हा आणखी फायदा.

पेटत्या मेणबत्तीजवळ स्नो-स्प्रे किंवा फोमची बाटली आणू देऊ नका. त्यातला वायू पेट घेतो आणि चेहरा भाजतो. फुगे साध्या हवेचे भरा. रस्त्यावर गॅसचे म्हणून मिळणाऱ्या फुग्यांत हायड्रोजन असू शकतो, आणि ज्योतीजवळ तो भडकतो.

पाहुण्यांना बोलावतानाच विचारून ठेवा: अंडं चालतं का, कुणाला शेंगदाणे-काजूची ॲलर्जी आहे का, जैन पाहुणे आहेत का. मार्शमॅलो आणि काही जेलीच्या गोळ्यांत जिलेटिन असतं, ते प्राणिज आहे. तेवढ्यासाठी पाकीट उलटून वाचायला एक मिनिट लागतं.

केक दुसऱ्या घरी न्यायचा असेल तर तो सीटवर किंवा मांडीवर नको. सीट उतरती असते. पुढच्या सीटसमोर पायाशी सपाट जागा असते, तिथे खाली रबरी जाळी किंवा ओला नॅपकिन अंथरून डबा ठेवा, गाडी आधी थंड करून घ्या. दुचाकीवर फक्त अर्धा किलोचा, एकमजली आणि मागे कुणीतरी धरायला असेल तरच.

घरच्यांसाठी करता करता लोक पैसे देऊ करतील. विकायला सुरुवात केलीत तर आधी एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी करा, ती ऑनलाइन होते.

कापायच्या वेळी शेवटचं काम तुमचंच. आधाराला घातलेल्या टूथपिक आणि तारा किती आहेत ते केक करतानाच कागदावर लिहून ठेवा, आणि सुरी दुसऱ्याच्या हातात देण्याआधी तेवढ्या मोजून बाहेर काढा. आमच्या गाडीत नऊ होत्या. आठ मिळाल्या तेव्हा मी बाबांना दोन मिनिटं थांबवलं, आणि नववी एका डब्याच्या छपराखाली सापडली.